काचपेटीतील बेडूक : निवास आणि आहार

बेडूक हा पाळण्याजोगा प्राणी आहे, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कुत्र्यामांजराप्रमाणे तो माणसाला लळा लावीत नाही, हाकेला ओ देत नाही, आणि हाताळलेले तर त्याला मुळीच सोसत नाही. तरीही युरोप-अमेरिकेतील अनेक घरांत आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांमधून लहान बेडकांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत आहेत. अशा रीतीने पाळल्या जाणाऱ्या बेडकांत मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनांतील डेंड्रोबॅटिडी कुळाचे बेडूक विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांतील बहुतेकांची लांबी दीड ते पाच सेंटिमीटर असते. पुष्कळशा जातींचा रंग निळा, पिवळा, शेंदरी किंवा हिरवा असा झगझगीत असतो. बहुतेक बेडूक रात्री हिंडतात; हे मात्र दिवसाउजेडी भक्ष्य शोधत फिरतात. त्यामुळे त्यांचे निरीक्षण करणे सोपे जाते.

या कुळाला ‘बाणविषारी बेडूक’ असे नाव पडले आहे. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील जंगलांत राहणारे एंबेरा लोक फुंकनळीतून मारावयाच्या बाणांची टोके बेडकांच्या पाठीवर घासून विषारी करीत, यावरून ते नाव आले. प्रत्यक्षात या कामी फिलोबेटीस वंशातील मोजक्याच जाती उपयोगात आणल्या जात. त्यांपैकी सर्वांत विषारी जातीचे, फिलोबेटीस टेरिबिलिसचे, शास्त्रीय वर्णन १९७८ साली प्रसिद्ध झाले.

प्रस्तुत विवेचनात डेंड्रोबेटीस ऑरेटस हा हिरव्या-काळ्या रंगाचा बेडूक मुख्यतः उदाहरणादाखल घेतला आहे. निकाराग्वापासून कोलंबियापर्यंतच्या दमट जंगलांत तो आढळतो, आणि काचपेटीत तो चांगला तग धरतो. त्याच्या संगोपनाची पद्धत समजली, की लहान बेडकांच्या संगोपनाचे सर्वसामान्य तत्त्वही समजते. ते तत्त्व असे, की बेडूक पाळणाऱ्याला खरी निगा बेडकाची नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या पाण्याची, हवेची, मातीची आणि किड्यांची राखावी लागते. याचे कारण बेडकाच्या त्वचेत आहे.

त्वचा : एक उघडे दार

माणसाची कातडी बाहेरच्या जगापासून शरीराचे रक्षण करणारी भिंत आहे. बेडकाची त्वचा पातळ, ओलसर आणि पाझरणारी असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या व मांड्यांच्या आतील बाजूच्या त्वचेतून तो ते शोषून घेतो. म्हणून ओल्या पानावर नुसता बसलेला बेडूकही पाणी पीत असू शकतो. फुप्फुसे असूनही श्वसनाचा बराचसा भाग त्वचेवाटेच चालतो. शरीरातील सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण राखण्याचे कामही याच त्वचेकडे असते.

या रचनेचा परिणाम उघड आहे. जे पाणी शिरते, त्याच वाटेने पाण्यात विरघळलेले विषही शिरते. साबणाचा अंश, कीटकनाशकाचा फवारा, धातूचा गंज, हातावरचा घाम, यांपैकी काहीही या नखाएवढ्या प्राण्याला घातक ठरू शकते. हवा कोरडी झाली, तर काही तासांतच त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. म्हणून बेडकाला हात लावणे शक्य तितके टाळावे. अगदी निरुपाय झाला, तर न वापरलेले, स्वच्छ पाण्याने धुतलेले, भुकटीविरहित मोजे घालूनच त्याला उचलावे. प्राणी नाजूक आहे म्हणून त्याला कुरवाळावे, ही भावना येथे उपयोगाची नाही.

पेटीची मूळ कल्पना

काचेच्या बंद पेटीत ओलावा टिकवून धरण्याची युक्ती बेडकांसाठी शोधली गेली नव्हती. लंडनमधील नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पतंग बाहेर येण्याची वाट पाहत असता त्याला बाटलीतील मातीत एक नेचा आणि थोडे गवत उगवलेले दिसले. त्याच्या बागेत धुरकट हवेमुळे नेचे जगत नसत. बाटलीत मात्र तो टवटवीत होता. दिवसा मातीतील पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. या अनुभवावर वॉर्डने १८४२ साली पुस्तक लिहिले. ‘वॉर्डची पेटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अशा पेट्यांतून पुढे रोपे समुद्रापार नेण्यात आली. आजची बेडकांची काचपेटी ही तिचीच वंशज होय.

तीन-चार हिरव्या-काळ्या बेडकांसाठी लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ४५ सेंटिमीटर असलेली पेटी पुरेशी होते. वरचे झाकण बहुतांशी काचेचे असावे आणि एका कडेला अतिशय बारीक जाळीची पट्टी ठेवावी. जाळी मोठ्या छिद्रांची असेल, तर भक्ष्य म्हणून सोडलेल्या माशा घरभर होतात. जाळी मुळीच नसेल, तर हवा कोंदते आणि बुरशी माजते.

पेटीचा तळ थरांनी भरावयाचा असतो. सर्वांत खाली चार-पाच सेंटिमीटर उंचीचा धुतलेल्या खड्यांचा किंवा भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर असतो. वरून झिरपलेले जादा पाणी येथे साचते. त्यावर बारीक जाळी अंथरतात, म्हणजे माती खाली उतरत नाही. जाळीवर नारळाच्या काथ्याचा भुसा, लाकडी कोळशाचे तुकडे, झाडाच्या सालीचे बारीक तुकडे आणि पाणी धरून ठेवणारे शेवाळे यांचे मिश्रण पसरतात. हे मिश्रण ओलसर असावे, चिखल होता कामा नये. बाजारची खतमिश्रित माती कधीही वापरू नये. तिच्यातील क्षार बेडकाच्या त्वचेला बाधतात.

सर्वांत वर वाळलेल्या पानांचा दाट थर घालतात. परदेशात ओक किंवा मॅग्नोलिया यांची आणि कित्येकदा देशी बदामाची पाने वापरतात. पाने कीटकनाशक न मारलेल्या झाडाखालची असावीत व ती उकळून घ्यावीत. हा पाचोळा केवळ शोभेसाठी नसतो. बेडूक त्याखाली लपतो, त्यात भक्ष्य शोधतो आणि त्याच्या आडोशाला ओलावा टिकतो. लपावयास जागा नसलेला बेडूक सतत भयग्रस्त राहतो, अन्न कमी घेतो व खंगत जातो. भरपूर आडोसा मिळालेला बेडूक उलट अधिक वेळा उघड्यावर येतो, असा पाळणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

वनस्पतींमध्ये नेचे, काचेवर चढणाऱ्या लहान पानांच्या वेली, मनी प्लँट आणि अननसाच्या कुळातील ब्रोमेलिया यांना पसंती दिली जाते. ब्रोमेलियाच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठते. निसर्गात या कुळातील अनेक जातींचे बेडूक आपली पिल्ले अशाच ठिकाणी वाढवितात. याशिवाय नारळाची अर्धी करवंटी, तिच्या कडेला बेडूक जाईल एवढे दार पाडून, गुळगुळीत बशीवर पालथी घालतात. अंडी घालण्यासाठी बेडकांना ही अंधारी, ओलसर जागा फार मानवते.

पेटी तयार झाली म्हणजे लगेच बेडूक आणावयाचे नाहीत. चार ते सहा आठवडे ती तशीच चालू द्यावी. या काळात झाडे मुळे धरतात, तापमान व ओलावा यांतील चूक लक्षात येते, आणि पाचोळ्यात सोडलेले दोन प्रकारचे सूक्ष्म सफाई कामगार वाढू लागतात. त्यांतील एक म्हणजे स्प्रिंगटेल. हे जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचे, पांढुरके, पोटाखालच्या चिमट्यासारख्या अवयवाच्या झटक्याने उडी मारणारे जीव आहेत. दुसरे म्हणजे ओल्या कुंडीखाली सापडणारे, पाठीवर कवचाचे पट्टे असलेले आयसोपॉड. त्यांच्या लहान जाती पेटीत सोडतात. दोघेही बुरशी, कुजकी पाने आणि बेडकांची विष्ठा यांवर जगतात. बेडूक त्यांना खातातही. अशा प्रकारे पेटीतील घाणीचे काही अंशी पुन्हा अन्न होते.

पाणी, हवा आणि ऊब

शहराच्या नळाचे पाणी जंतुमुक्त करण्यासाठी त्यात क्लोरीन मिसळतात. माणसाला हितकारक असलेले हे द्रव्य बेडकाच्या त्वचेला आणि भैकेरांच्या, म्हणजे बेडूकमाशांच्या, कल्ल्यांना अपायकारक आहे. उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन बहुतांशी उडून जाते. परंतु काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरॅमीन वापरतात, आणि ते असे सहजासहजी जात नाही. अशा ठिकाणी ते नष्ट करणारे रसायन वापरावे लागते. स्वच्छ जागी धरलेले पावसाचे पाणी फवाऱ्यासाठी उत्तम. फवाऱ्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीही चालते आणि त्याने काचेवर डागही पडत नाहीत. परंतु बेडूक बसतो त्या बशीत किंवा भैकेरांच्या भांड्यात केवळ असेच क्षारहीन पाणी ठेवणे इष्ट नाही, कारण त्यामुळे शरीरातील क्षार बाहेर पाझरू शकतात.

तापमान दिवसा २२ ते २६ अंश सेल्सिअस असावे. रात्री दोन-तीन अंश कमी झाले तरी चालते. उष्ण कटिबंधातील प्राणी म्हणून त्याला उष्णता आवडत असेल, असा समज चुकीचा आहे. घनदाट जंगलाच्या तळाशी ऊन पोहोचतच नाही. पारा ३० अंशांच्या वर काही काळ राहिला, तर हे बेडूक दगावू शकतात. उन्हाच्या तिरिपीत ठेवलेली बंद काचपेटी अल्पावधीत भट्टीसारखी तापते. म्हणून खिडकीची जागा वर्ज्य समजावी. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावी, आणि त्यासाठी दिवसातून एक-दोनदा बारीक फवारा मारावा. दिवसाचे दहा ते बारा तास झाडांपुरता सौम्य प्रकाश द्यावा. तापमापक व आर्द्रतामापक पेटीतच, बेडूक वावरतात त्या उंचीवर लावावेत. खोलीचे तापमान आणि पेटीचे तापमान एकच असते, असे गृहीत धरू नये.

हलणारे अन्न

आहाराचा विचार करताना बेडकाच्या डोळ्यापासून आरंभ करावा लागतो. लेटविन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स या चार शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखविले, की बेडकाचा डोळा दिसेल ते सर्व मेंदूकडे जसेच्या तसे पाठवीत नाही. लहान, गडद आणि हलणारी वस्तू दिसली, की डोळ्यातील ठरावीक तंतू विशेषेकरून उद्दीपित होतात. न हलणारी वस्तू बेडकाच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. मेलेल्या माशांच्या ढिगात बसलेला बेडूकही उपाशी मरेल. म्हणून बेडूक पाळणाऱ्याला जिवंत अन्नाचा अखंड पुरवठा करावा लागतो. ज्याला किडे वाढविता येत नाहीत, त्याने बेडूक पाळू नयेत, हा या छंदातील पहिला नियम आहे.

मोठ्या बेडकाला झुरळ किंवा नाकतोडा चालतो. डेंड्रोबॅटिडी कुळातील बेडकांचे तोंड मात्र फारच लहान असते. निसर्गात ते मुंग्या, माइट नावाचे सूक्ष्म अष्टपाद जीव, वाळवी आणि बारीक भुंगेरे खातात. दिवसभर थोडे थोडे टिपत राहणे ही त्यांची रीत. काचपेटीत त्यांच्या आहाराचा मुख्य आधार म्हणजे ड्रॉसोफिला ही फळमाशी. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी ही बारीक माशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सुपरिचित आहे. अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन व त्याचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले. त्या परंपरेत पंख खुरटलेल्या किंवा पंख नसलेल्या माशांचे वाण हाती आले. बेडूक पाळणाऱ्यांना ही देणगीच ठरली, कारण न उडणारी माशी पेटीतच राहते. लहान आकाराची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि तिच्याहून मोठी ड्रॉसोफिला हायडाय अशा दोन जाती वापरात आहेत.

माशांची पैदास सोपी आहे, पण तीत खंड पडून चालत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत कुसकरलेले केळे, शिजवून वाटलेला बटाटा, थोडी साखर आणि बुरशीला आळा घालण्यापुरता शिरका यांचे घट्टसर मिश्रण तीन-चार सेंटिमीटर उंच भरतात. वर चिमूटभर यीस्ट भुरभुरवितात. अळ्यांना कोश करण्यासाठी कोरडी जागा हवी, म्हणून आत चुरगळलेला कागद उभा ठेवतात. पन्नासएक माशा सोडून तोंडावर दाट विणीचे कापड बांधतात. सुमारे २५ अंश तापमानाला मेलॅनोगॅस्टरची नवी पिढी दहा-बारा दिवसांत बाहेर पडते. हायडायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. दर आठवड्याला एक नवी बरणी भरावी आणि महिना उलटलेली बरणी टाकून द्यावी. जुन्या बरणीत माइट माजतात व ते इतर बरण्यांत शिरून सर्वच पैदास बुडवू शकतात. खुरट्या पंखांच्या वाणाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बरणीचे तापमान ३० अंशांच्या जवळपास राहिले, तर त्या वाणाच्या पुढील पिढीचे पंख अधिक वाढतात. उष्ण प्रदेशात बरण्या थंड जागी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

स्प्रिंगटेलची पैदास याहूनही सुलभ आहे. झाकणाच्या डब्यात लाकडी कोळशाचे तुकडे, तळाशी थोडे पाणी आणि वर यीस्टचे काही कण किंवा तांदळाचे चार दाणे एवढ्यावर ते वाढतात. डब्यात पाणी ओतले, की ते पृष्ठभागावर तरंगतात आणि ओतून घेता येतात. नुकत्याच बेडूक झालेल्या, माशीएवढेही भक्ष्य न पेलणाऱ्या पिल्लांसाठी हेच पहिले अन्न होय.

पूर्ण वाढीच्या एका बेडकाला एका वेळी साधारणपणे वीस ते चाळीस लहान माशा पुरतात. वाढत्या पिल्लांना रोज, आणि मोठ्यांना एक दिवसाआड अन्न द्यावे. परंतु संख्येपेक्षा बेडकाकडे पाहूनच प्रमाण ठरविणे बरे. माकडहाडाच्या बाजू वर आलेल्या दिसल्या, तर अन्न कमी पडत आहे. दुसऱ्या दिवशीही काचेवर माशा फिरत असतील, तर ते जास्त झाले आहे. उरलेल्या भुकेल्या माशा झोपलेल्या बेडकाच्या अंगावर चढून त्याला हैराण करतात.

पोट भरले म्हणजे पोषण झाले, असे मात्र नाही. कीटकांच्या शरीरात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अल्प असते. केवळ फळमाशांवर वाढलेल्या बेडकांची हाडे मऊ पडतात, पाय वाकडे होतात, आणि पुढे स्नायूंना झटके येऊन ते मरतात. यावर उपाय म्हणून माशा एका कोरड्या भांड्यात घेऊन त्यांवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची बारीक भुकटी टाकतात आणि भांडे हलवितात. पांढऱ्या झालेल्या माशा लगेच पेटीत सोडाव्या लागतात, कारण माशी आपले अंग साफ करीत राहते आणि काही तासांत भुकटी झडून जाते.

अ जीवनसत्त्वाचे महत्त्व पुष्कळ उशिरा ध्यानात आले. प्राणिसंग्रहालयांतील काही बेडूक-भेकांची जीभ भक्ष्यावर आदळे, पण भक्ष्य तिला चिकटत नसे. समोर अन्न असून ते उपासमारीने खंगत. तपासणीत त्यांच्या जिभेवरील चिकट स्राव निर्माण करणाऱ्या पेशींची जागा कोरड्या, चपट्या पेशींनी घेतलेली आढळली. त्याचे कारण अ जीवनसत्त्वाचा अभाव हे होते. गाजरासारख्या पदार्थांतील कॅरोटीनपासून हे जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता अनेक उभयचरांत फारशी नसल्याने ते रेटिनॉलच्या तयार रूपातच भुकटीतून द्यावे लागते. भुकटीचा डबा उघडल्यावर सहा महिन्यांत बदलावा. जुन्या भुकटीतील जीवनसत्त्वे नष्ट झालेली असतात.

नाहीसे होणारे विष

आहार आणि प्राणी यांचे नाते किती निकटचे असते, याचा एक विलक्षण पुरावा या बेडकांनीच दिला आहे. जंगलातून पकडलेल्या बेडकाच्या त्वचेत अल्कलॉइड वर्गातील विषे असतात. परंतु काचपेटीत जन्मून फळमाशांवर वाढलेल्या त्याच जातीच्या बेडकात ती सापडत नाहीत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली व त्याचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनातून याचा उलगडा झाला. ही विषे बेडूक स्वतः तयार करीत नाही. मुंग्या, माइट आणि इतर बारीक जीव खाऊन तो ती मिळवितो व आपल्या त्वचेतील ग्रंथींत साठवितो. अन्न बदलले, की विषाचा पुरवठा थांबतो.

डासांना आळा घालण्यासाठी १९३२ साली हिरवे-काळे बेडूक पनामातून हवाई बेटांत नेऊन सोडण्यात आले होते. तेथे मोकळ्यावर वाढलेल्या त्यांच्या वंशजांत अल्कलॉइडे आढळतात. घरात फळमाशांवर वाढविलेल्यांत ती आढळत नाहीत. पाळणाऱ्याच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे. परंतु पेटीतला बेडूक उद्या जंगलात सोडावयाचा झाला, तर तेथील शत्रूंपासून त्याचे रक्षण कोण करणार, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. तो कसा निर्माण झाला, ते पुढे येईल.

पाठीवरचा पाळणा

संगोपन नीट झाले, तर बेडूक पेटीतच प्रजनन करतात. हिरव्या-काळ्या बेडकाची मादी एका वेळी थोडीच, बहुधा चार-सहा, अंडी ओल्या पानावर किंवा करवंटीखालच्या बशीत घालते. नर अधूनमधून येऊन ती ओली ठेवतो. भैकेर बाहेर पडले, की नर त्यांना पाठीवर घेऊन झाडाच्या ढोलीतील किंवा पानाच्या बेचक्यातील पाण्यात नेऊन सोडतो. या कुळातील स्ट्रॉबेरी बेडकाची मादी तर प्रत्येक भैकेरापाशी पुनःपुन्हा जाऊन त्याच्यासाठी निषेचित न झालेली अंडी घालते. तेच त्याचे अन्न. अशा जातीचे भैकेर माणसाला वाढविणे अतिशय कठीण जाते.

हिरव्या-काळ्या बेडकाचे भैकेर मात्र वेगळ्या लहान भांड्यांत, माशांचे खाद्य व शैवालाची भुकटी देऊन वाढविता येतात. एकत्र ठेवल्यास मोठा लहानाला खाण्याचा संभव असतो. दोन-तीन महिन्यांत त्यांना पाय फुटतात. पुढचे पाय फुटताच भांड्यात उतार करून द्यावा. या अवस्थेत कल्ल्यांचे काम संपत आलेले असते आणि पाण्याबाहेर पडता न आल्यास बेडकाचे पिल्लू पाण्यातच बुडून मरते.

पेटीतून उघडकीस आलेली साथ

विसाव्या शतकाच्या अखेरीस जगाच्या निरनिराळ्या भागांतून बेडूक नाहीसे होऊ लागल्याच्या वार्ता येत होत्या. जंगल शाबूत, ओढे स्वच्छ, तरीही बेडूक नाहीत, असे कोडे ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत पडले होते. त्याची उकल होण्यास काचपेटीतील बेडकांचे साहाय्य झाले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका निळ्या डेंड्रोबेटीसच्या त्वचेतून एक अज्ञात बुरशी वेगळी करण्यात आली. लाँगकोर, पेसियर आणि निकोल्स यांनी १९९९ साली तिचे वर्णन केले व तिला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव दिले. नावाचा उत्तरार्ध या बेडकांच्या वंशाच्या नावावरूनच आलेला आहे.

ही कायट्रिड बुरशी त्वचेच्या वरच्या थरात वाढते. त्वचेतून होणारी क्षारांची देवघेव बिघडते, रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटते आणि अखेर हृदय बंद पडते. ज्या त्वचेवर बेडकाचे जीवन अवलंबून, तिच्यावरच हा घाला असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या किमान ५०१ जातींच्या ऱ्हासाशी या रोगाचा संबंध जोडण्यात आला असून त्यांतील ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज त्यात केला आहे. बुरशीचे मूळ पूर्व आशियात असावे, असे २०१८ मधील आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. उभयचरांच्या जागतिक व्यापाराने तिचा प्रसार झाला. पाळण्यासाठी होणारी वाहतूकही त्या व्यापाराचा एक भाग होती, ही गोष्ट या छंदाच्या चाहत्यांना नाकारता येणार नाही.

पनामात ही साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना शास्त्रज्ञांनी पाहिली. २००६ साली ती एल व्हाये या डोंगराळ गावाच्या परिसरात पोहोचली. तिच्या तडाख्यात सापडण्यापूर्वी जमतील तितके बेडूक वाचविण्याची धडपड सुरू झाली. संवर्धन केंद्राची इमारत अपुरी असल्याने गावातील एका हॉटेलच्या खोल्यांत पेट्या मांडण्यात आल्या. त्या देशात सुदैवाचे प्रतीक मानला जाणारा सोनेरी बेडूक, ॲटेलोपस झेटेकी, त्यांत होता. २००९ नंतर तो निसर्गात दिसल्याची नोंद नाही. आज तो पनामातील संवर्धन केंद्रांत आणि अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत, पेट्यांतच जिवंत आहे.

माशांच्या बरण्या, पांढरी भुकटी, उकळलेली पाने, मुरविलेले पाणी, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर एका संपूर्ण जातीचे अस्तित्व टिकून आहे. तेथील कर्मचाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग किडे वाढविण्यातच जातो. २०१७ व २०१८ मध्ये पेटीत जन्मलेल्या काही ॲटेलोपस बेडकांना प्रायोगिक रीत्या जंगलात सोडून त्यांचा मागोवा घेण्यात आला. बुरशी अद्याप तेथे आहे. पेटीत वाढलेल्या प्राण्याला जंगलाचे अन्न, शत्रू आणि रोग पेलतील काय, हे अशा प्रयोगांतूनच कळावयाचे आहे.

पाळणाऱ्याची जबाबदारी

या सर्व अनुभवातून घरगुती संगोपनासाठीही काही नियम निघाले आहेत. नवा बेडूक निदान एक-दोन महिने वेगळ्या, साध्या पेटीत ठेवावा आणि कायट्रिडची तपासणी करून घ्यावी. एका पेटीची उपकरणे दुसरीत वापरू नयेत. पेटीतील सांडपाणी, माती व झाडे निर्जंतुक केल्यावाचून उघड्यावर टाकू नयेत. आणि कंटाळा आला म्हणून बेडूक तळ्यात सोडून देण्याचा विचार तर मनातही आणू नये. बेडूक घ्यावयाचे ते पेटीत जन्मलेलेच घ्यावेत. डेंड्रोबेटीस व फिलोबेटीस या वंशांचा समावेश १९८७ साली वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला असून त्यांच्या व्यापारावर परवान्यांचे नियंत्रण आहे.

भारतात याबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. रानातील संरक्षित प्राणी पकडून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार साइट्सच्या परिशिष्टांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्यामागे शेतातील किडी फस्त करणारा हा प्राणी झपाट्याने कमी होत असल्याची चिंता होती. येथील जिज्ञासू वाचकाला मात्र बेडूक पाहण्यासाठी पेटीची आवश्यकताच नाही. बागेचा एक कोपरा औषधफवारणीपासून मुक्त ठेवला, तेथे पाचोळा कुजू दिला आणि उतरत्या काठाचे उथळ पाणी पावसाळ्यात राखले, तर बेडूक आपणहून येतात. ओलावा, आडोसा, निर्मळ पाणी आणि हलणारे किडे या चार गोष्टी पनामातील खोलीत जितक्या आवश्यक, तितक्याच त्या येथेही आवश्यक आहेत. येथे त्यांपैकी बहुतेक पाऊसच पुरवितो. माणसाने त्यात विष कालवू नये, एवढेच.